न सापडण्याचेही मोल

डिसेंबर २०१५ मध्ये जीनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या कणभौतिकी प्रयोगशाळेतील ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांना प्रकाशकणांच्या जोड्यांच्या आलेखात ७५० जीईव्ही ऊर्जेच्या आसपास अनपेक्षित उंचवटा दिसला. नव्या कणाच्या आशेने शेकडो शोधनिबंध लिहिले गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये अधिक विदा हाती आली आणि उंचवटा विरला. दोन्ही गटांनी ते जाहीरपणे सांगितले. योगायोगाची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक उरेपर्यंत शोधाचा दावा करायचा नाही, हा या क्षेत्राचा दंडक आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएसमध्ये सहभागी आहे. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे. त्यामुळे आपल्याकडेही ‘काही सापडले नाही’ या निष्कर्षाला अपयश ठरवून अशा संशोधनाच्या निधीला कात्री लावू नये. हिग्ज बोसॉन हा कणही जवळपास अर्धशतकाच्या प्रतीक्षेनंतरच हाती लागला.