एक स्टार आणि एक पैठणी

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर मंडळाच्या दोन भगिनींमध्ये एका पैठणीवरून जे वाजले, ते आता बहुतेकांना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना ऊद मेथा मेट्रो स्थानकापासून घरी पोचेपर्यंत कोणी ना कोणी सांगितले असणारच. नावे लिहिण्याचे कारण नाही. दोघी आपल्याच, दोघींच्या घरी आम्ही जेवलो आहोत आणि पुढेही जेवायची इच्छा आहे.

झाले ते थोडक्यात असे. एक भगिनी रीतसर परवाना काढून येवल्याहून साड्या मागवतात आणि एका संकेतस्थळावर विकतात. दुसरीने तिथून जांभळी पैठणी घेतली. घरी उघडून पाहते तो तांबूस. तिने एक स्टार दिला आणि खाली एकच शब्द लिहिला, 'फसवणूक'. त्या संकेतस्थळावर विकणाराही घेणाऱ्याला स्टार देऊ शकतो, म्हणून पहिलीने उलट एक स्टार देऊन 'कटकटे गिऱ्हाईक, सांभाळून' असे लिहिले. मग शेरा काढून टाका म्हणून यजमानांच्या ऑफिसात फोन गेला, फोनवर पोलिसांचे नाव निघाले, आणि आरतीच्या तालमीला दोघींपैकी एक यायची बंद झाली. शेवटी दोघी आपापले छापील कागद घेऊन कार्यकारिणीपुढे आल्या. कोणीतरी म्हणाले, "रंगाचा प्रश्न आहे ना? मग आपले केमिस्ट्रीतले डॉक्टर सांगतील." अशा रीतीने ही पैठणी आमच्या घरी आली.

आमच्या डॉक्टरेटचा साडीशी काडीचा संबंध नाही, पण रंगाशी थोडा आहे. ही पैठणी धूपछाँव होती. म्हणजे ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा. अशा रेशमाला एक रंग नसतोच. कापड कोणत्या कोनातून पाहता आणि कोणत्या उजेडात पाहता यावर तो ठरतो. सकाळी अकराला खिडकीशी धरली तेव्हा ती खरोखर जांभळी होती. रात्री स्वयंपाकघरातल्या ट्यूबखाली खरोखर तांबूस. फोनचा कॅमेरा आणि फोनचा पडदा दोघेही आपल्या पदरचे थोडे घालतात ते वेगळेच. तेव्हा फोटो खरा होता आणि तक्रारही खरी होती. सगळ्या प्रकरणात खोटा शब्द एकच, 'फसवणूक'. विकणाऱ्या बाईंची चूक एवढीच की एकच फोटो टाकला आणि साडी धूपछाँव आहे हे लिहिले नाही. दोन ओळींचे काम होते.

आता एका स्टारने काय केले ते पाहा. बाईंच्या नावावर तोवर अकरा शेरे होते, सगळे पाच स्टारचे. बारावा एकाचा आला आणि सरासरी ५ वरून ४.६७ वर उतरली. पाचशे शेरे असलेल्या मोठ्या दुकानाला हाच एक स्टार मिळाला असता तर ती ४.९९ वर राहिली असती, म्हणजे कोणाला कळलेही नसते. प्रयोगशाळेत आम्ही बारा मापनांत एक वेडेवाकडे आले तर आधी उपकरण तपासतो, मग नमुना, आणि मगच निष्कर्ष लिहितो. इथे निष्कर्ष आधी छापला जातो. त्यामुळे मार बसतो तो घरून धंदा करणाऱ्यालाच. दसरा-दिवाळीच्या हंगामात या बाईंकडे मागणी किती घटली हे त्यांनी आम्हाला सांगितले. ते इथे लिहिणार नाही, पण त्या रडत होत्या एवढे लिहितो.

हे भांडण आपल्या मंडळाने शोधून काढलेले नाही. ईबे १९९५ साली सुरू झाली आणि १९९६ मध्ये तिचे संस्थापक पिएर ओमिड्यार यांनी शेऱ्यांची पद्धत आणली. लोकांनी आपसातले तंटे आपसात मिटवावे, हा त्यामागचा हेतू. पॉल रेसनिक या अभ्यासकाने सहकाऱ्यासह १९९९ सालचे तिथले व्यवहार तपासले, तेव्हा दिसले की निम्म्याच्या आसपास गिऱ्हाइके शेरा देतात आणि दिलेल्या शेऱ्यांपैकी सुमारे ९९ टक्के चांगले असतात. जगातले ९९ टक्के दुकानदार सज्जन आहेत असा याचा अर्थ घ्यायला आमचीही ना नाही, पण एक साधे कारण असे की वाईट लिहिले की उलटून वाईट मिळत असे, म्हणून लोक गप्प बसत. शेऱ्यांना किंमत मात्र होती. त्याच अभ्यासकांनी २००६ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. जुन्या पोस्टकार्डांच्या एका मुरलेल्या विक्रेत्याने तसाच माल आपल्या नावाने विकला आणि नवीन, कोऱ्या नावानेही विकला. जुन्या नावाला सुमारे ८ टक्के जास्त पैसे मिळाले. म्हणजे नावाला पैशात मोजता येते, आणि म्हणूनच त्यावरून लोक ऑफिसात फोन करतात.

पुढे २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांना गिऱ्हाइकाविरुद्ध वाईट शेरा देण्याची बंदी केली. उलटवार थांबला, पण पारडे दुसऱ्या बाजूला कलले: काही गिऱ्हाइके 'निम्मे पैसे परत करा, नाहीतर एक स्टार' म्हणू लागली. आम्हाला त्यातल्या त्यात शहाणपणाचा वाटतो तो एअरबीएनबीने २०१४ साली काढलेला तोडगा. घर देणारा आणि राहणारा, दोघांचे शेरे बंद लिफाफ्यात. दोघांनी लिहिले किंवा चौदा दिवस उलटले की दोन्ही एकदम उघडतात. समोरच्याने काय लिहिले ते पाहून आपले लिहायचे नाही. आपल्याकडे परीक्षकांचे गुण बंद पाकिटातून मागवतात, त्यातलाच हा प्रकार.

भारतात २०२२ साली अशा शेऱ्यांसाठी मानक आले, अमेरिकेत २०२४ मध्ये खोटे शेरे विकण्या-घेण्यावर बंदीचा नियम झाला. चांगलेच झाले. पण ते पैसे देऊन लिहवून घेतलेल्या खोट्या शेऱ्यांसाठी. आपला प्रश्न खऱ्या माणसांनी रागात लिहिलेल्या खऱ्या शेऱ्यांचा आहे.

आता आमच्याबद्दल, कारण न्यायाधीश म्हणून बसलो तरी आम्ही धुतल्या तांदळाचे नाही. करामाहून ऊद मेथात घर बदलले त्या वर्षी आम्ही एका मायदेशी परतणाऱ्या गृहस्थांकडून जुने धुलाई यंत्र घेतले. पहिल्याच दिवशी न्हाणीघरात पाणी. आम्ही रात्री साडेअकराला एक स्टार ठोकला आणि 'गळके यंत्र खपवले' असे लिहून झोपलो. दोन दिवसांनी दुसरा कारागीर आला आणि म्हणाला, नळी उलटी बसवली आहे. ती बसवली होती आमच्याच माणसाने. आम्ही शेरा बदलला, पण ते गृहस्थ तोवर विमानात होते आणि त्यांचा उरलेला सोफा कोणी घेतला की कचऱ्यात गेला, कोण जाणे. आम्ही त्यांना आधी फोन केला असता तर तीन मिनिटांत नळी कळली असती. फोन नंबर आमच्याकडे होता.

इथे राहणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवायला हवे. २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या संघीय कायद्याने इंटरनेटवरून कोणाचा अपमान करणे हा गुन्हा आहे. शिक्षा कैद आणि अडीच ते पाच लाख दिरहॅम दंड, किंवा दोहोंपैकी एक. 'साडी फोटोपेक्षा तांबूस दिसली' हे वर्णन आहे. 'चोर आहेत' हे वर्णन नव्हे. व्हॉट्सॲप हे काही आपले माजघर नाही, तिथले लिहिणेही यातून सुटत नाही. खरी फसवणूक झाली असेल तर पावती घेऊन दुबईच्या अर्थ व पर्यटन खात्याकडे ग्राहक म्हणून तक्रार नोंदवता येते, आणि ती नोंदवावी. मात्र याचा उपयोग गिऱ्हाइकाला धमकावण्यासाठी करणेही आम्हाला तितकेच नापसंत आहे. पन्नास दिरहॅमच्या वस्तूबद्दल कोणी नाराजी लिहिली तर त्याच्या यजमानांना 'पोलिस' ऐकवणे हे व्यापाराचे लक्षण नव्हे.

'आपल्याच माणसाविरुद्ध लिहायचेच कशाला?' असे एक ज्येष्ठ काका बैठकीत म्हणाले. आम्हाला हे पटत नाही. आपल्याच माणसाचा माल निकृष्ट निघाला आणि आपण गोड बोलून गप्प बसलो, तर पुढच्या दहा घरांना आपणच फसवतो. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ साली उभी राहिली ती सभासद कुटुंबांचे गट करून, महिन्याचा माल एकत्र घेऊन. तिथे तक्रार करायची पद्धत होती, पण तक्रार करणाऱ्याला चेहरा होता आणि ऐकून घेणाऱ्यालाही. डाळ खराब निघाली तर डाळीबद्दल बोलणे व्हायचे.

म्हणून मंडळाच्या वार्षिक यादीत छोट्या व्यावसायिक सभासदांच्या नावापुढे स्टार छापावेत, अशी जी सूचना आली आहे, तिला आमचा विरोध आहे. स्टारऐवजी दोन-तीन ओळी असाव्यात: काय घेतले, कधी घेतले, काय बिघडले, विचारल्यावर काय झाले. विकणाऱ्याचे उत्तर त्याच जागी, त्याच अंकात. दोन्ही बंद पाकिटात यावीत आणि कार्यकारिणीने एकाच दिवशी उघडावीत. झेरॉक्सची पाने वाढतील हे खजिनदारांनी आधीच सांगितले आहे.

पैठणीचे सांगायचे राहिले. ती परत केली गेली नाही. घेणाऱ्या वहिनींनी गौरीच्या दिवशी नेसली, दिवसा, खिडकीजवळ बसून. शेरा त्यांनी दुरुस्त करून तीन स्टार केला आहे. पाच करा, असे विकणाऱ्या वहिनींचे म्हणणे आहे. तीन बरोबर आहेत असे आमचे मत, आणि त्यामुळे सध्या त्या आमच्याशीही फारशा बोलत नाहीत. ज्यांना वरील सूचनेवर आक्षेप असेल त्यांनी तो पुढच्या बैठकीपूर्वी लेखी कळवावा. खाली नाव लिहावे.