पंख देण्याआधी विचारायचे प्रश्न



मागच्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचे अब्बू शाळेत भेटायला आले. नाना पेठेत त्यांचे गाड्यांच्या सुट्या भागांचे छोटे दुकान आहे. मुलगी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स घेऊन चांगल्या गुणांनी पास झाली आणि तिने घरात सांगून टाकले, "मला पायलट व्हायचंय." गावाकडचा जमिनीचा तुकडा विकायची त्यांची तयारी होती. हातात दोन संस्थांची माहितीपत्रके होती. "मॅडम, यातली स्वस्त कुठली, तेवढं सांगा."

मी म्हटले, "भाई, स्वस्त-महाग शेवटी बघू. आधी एखादी संस्था डोळ्यांनी बघून येऊ." विमानातले मला फारसे कळत नव्हते. पण पालकांनी शाळा कशी निवडावी, हे वीस वर्षे सांगत आले आहे. म्हणून आधी थोडे वाचले, जाणकारांना विचारले.

आपल्या पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा. त्यामुळे पायलट होण्यासाठी इथली मुले बारामती, धुळे, गोंदिया, नागपूर अशी बाहेर जातात. कमर्शियल लायसन्ससाठी 200 तासांचे उड्डाण लागते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण एअरलाइनचे दार उघडते ते 'इन्स्ट्रुमेंट रेटिंग'ने, आणि घरात त्याची चर्चाच होत नाही.

इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणजे ढगात, धुक्यात, बाहेर काहीच दिसत नसताना फक्त समोरची यंत्रे वाचून विमान चालवण्याची परवानगी. अशा वेळी माणसाचे शरीर त्याला फसवते. विमान वळत असते आणि कानातला तोल सांगतो की आपण सरळ चाललोय. म्हणून स्वतःच्या अंदाजापेक्षा यंत्रावर भरवसा ठेवण्याची सवय लावावी लागते. शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड लावून त्याला बाहेरचे दिसू देत नाहीत. बाहेर लक्ष ठेवतात शेजारी बसलेले प्रशिक्षक. असे 40 तास लागतात. त्यातले जास्तीत जास्त 20 तास सिम्युलेटरवर चालतात, बाकीचे खऱ्या विमानात.

आम्ही तिघे एका संस्थेत गेलो. इमारत छान, चहा-बिस्किटे आली, फी समजावून सांगितली. बाहेर झाडाखाली एक मुलगा बसला होता. मी सहज विचारले, "बेटा, किती दिवस राहिले?" तो म्हणाला, "मॅडम, बाकी सगळं झालंय. इन्स्ट्रुमेंटचे थोडे तास राहिलेत. दोन इंजिनांचं विमान इथं एकच, आणि ते चार महिन्यांपासून हँगरमध्ये आहे. पार्ट यायचाय." हॉस्टेलचे भाडे चालूच. शिवाय चाचण्या फार जुन्या झाल्या तर पुन्हा द्याव्या लागतात, तो खर्च वेगळा.

भाई तिथेच थांबले. सुट्या भागाची वाट बघणारी गाडी म्हणजे काय, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. परतताना एवढेच म्हणाले, "मॅडम, आपण चुकीचा प्रश्न विचारत होतो."

मग बरोबर प्रश्न कोणते? आज उडण्याच्या स्थितीत विमाने किती आणि विद्यार्थी किती? दोन इंजिनांची विमाने किती? इन्स्ट्रुमेंट शिकवण्याचा अधिकार असलेले प्रशिक्षक किती? सिम्युलेटर मान्यताप्राप्त आहे का? गेल्या दोन वर्षांत किती मुले रेटिंगसह बाहेर पडली, आणि किती महिन्यांत? पावसाळ्यात आपल्याकडे उड्डाणे कमी होतात. ते दिवस हिशेबात धरलेत का? ही उत्तरे कार्यालयात घ्या, आणि मग हॉस्टेलवरच्या मुलांनाही तेच विचारा.

सुरक्षिततेबद्दल विचारायला संकोच करू नका. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांच्या आत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेचे प्रशिक्षण थांबवले होते. डीजीसीएने 1 ऑक्टोबर 2025 पासून उड्डाण संस्थांची श्रेणी जाहीर करायला सुरुवात केली. पहिल्या यादीत सर्वात वरची श्रेणी एकाही संस्थेला मिळाली नाही. ती यादी जरूर बघा; जाहिरातीपेक्षा ती जास्त बोलते.

आता पैसा. हा खर्च 40-50 लाखांच्या घरात जातो, कधी त्याहून पुढे. व्याजाच्या कर्जापासून दूर राहू पाहणारी आपली घरे जमीन विकतात, दागिने मोडतात. ती घरच्यांची अमानत असते. म्हणून सगळी रक्कम एकदम भरू नका. जेवढे तास उडतील तेवढे हप्ते, असे ठरवा. इंधन, परीक्षकाची फी, हॉस्टेल, पुन्हा करावे लागणारे तास फीमध्ये आहेत की नाहीत, आणि मूल मध्येच सोडून आले तर किती परत मिळेल, हे लेखी घ्या. लेखी द्यायला जो टाळतो, तिथे उत्तर मिळाले असे समजा.

आणि सर्वात आधी डीजीसीएची वैद्यकीय तपासणी. क्लास टू, मग क्लास वन. रंग ओळखण्यातला दोष अनेकांना त्या दिवशीच कळतो. तो फी भरण्यापूर्वी कळलेला बरा.

आमच्या मुलीची क्लास टू झाली, क्लास वनची तारीख मिळाली आहे. जमीन अजून विकलेली नाही. तिने प्रश्नांची वही केली आहे आणि पुढच्या महिन्यात बाप-लेक आणखी दोन संस्था बघायला जाणार आहेत. यावेळी प्रश्न तीच विचारणार आहे. "अब्बू, विमान मला चालवायचंय," म्हणते.

मुलींच्या स्वप्नाला नाही म्हणू नका. पण हो म्हणण्याआधी एक दिवस काढा, तिच्यासोबत जा, आणि झाडाखाली बसलेल्या मुलाशी बोला.