परतीची गाडी
वानखेडे स्टेडियम १९७४ साली झाले ते चर्चगेट स्टेशनाच्या हाकेच्या अंतरावर. आम्हां अंधेरीकरांना सामन्यासाठी एकच लोकल पुरे! आता ठाणे जिल्ह्यात आमणे येथे लाखभर प्रेक्षकांचे स्टेडियम बांधण्याचा मुंबई क्रिकेट असोसिएशनचा बेत २०२४ साली जाहीर झाला. जागा ऐसपैस, शिवाय समृद्धी महामार्ग तिथेच येऊन टेकलेला. मोटारवाल्यांची चंगळच! बाकीच्यांनी काय करावे? आमच्या अंधेरीचे शहाजीराजे क्रीडासंकुल १९८८ सालचे. पण २०१४ साली आझादनगरला मेट्रो आली, तेव्हा कुठे ते बायकामुलांसह जाण्याजोगे झाले. तेव्हा आमणेकरांनो, आधी रूळ, मग खुर्च्या! सौभाग्यवतींना नकाशा दाखवला. त्या म्हणाल्या, “ते राहू द्या, परतीची शेवटची गाडी कितीची?”