लेन्स बदला की राव!

ऑफिसात दर दुसऱ्या क्युबिकलमध्ये एक वीकेण्ड फोटोग्राफर सापडतोच. शनिवारी पहाटे ससून डॉक, पाऊस सरता सरता कास आणि सोमवारी लंचला अख्ख्या ग्रुपला स्लाइड शो! पण या मंडळींच्या बॅगेत डोकावलं की एक गोष्ट हमखास दिसते. कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ पहिल्या दिवशी बसवली ती बसवली. नंतर हौसेनं, हप्त्यांवर घेतलेली ५० एमएम मात्र डबीत झोपलेली. का? तर म्हणे, ‘आत धूळ गेली तर?’

अहो, थोडी जाणारच! आणि ती काढताही येते. हातातून निसटून फरशीवर आपटलेल्या लेन्सचं मात्र काही खरं नसतं. तेव्हा घाबरायचंच तर धुळीला नको, घाईला घाबरा.

आधी कॅमेरा बंद. तो गळ्यात, तोंड जमिनीकडे आणि तुमची पाठ वाऱ्याकडे. नवी लेन्स हाताशी, तिचं मागचं झाकण आधीच सैल केलेलं. आता बटण दाबून जुनी काढा, नवी चढवा आणि तेच झाकण लगेच जुनीला. ते शर्टाच्या खिशात टाकायची फार वाईट सवय असते लोकांना. खिशातला कचरा झाकणात, झाकणातून लेन्सवर आणि तिथून थेट कॅमेऱ्यात!

बसवताना लेन्सवरची खूण कॅमेऱ्यावरच्या खुणेसमोर आणा. कॅननच्या एसएलआरवर ईएफ लेन्सला लाल ठिपका असतो, ईएफ-एसला पांढरा चौकोन. मग ‘टक्’ आवाज येईपर्यंत फिरवा. समोरून बघितलं तर कॅननची लेन्स घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं बसते, निकॉनची बरोब्बर उलट. मित्राचा कॅमेरा हातात घेतल्यावर सगळा गोंधळ इथेच होतो. फिरत नसेल तर जोर लावू नका, खूण चुकलेली असते.

मिररलेसवाल्यांनी जरा जास्त जपा. आरसाच नसल्यामुळे लेन्स काढली की बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सर उघडा समोर. २०१८च्या कॅनन ईओएस आरसारखी काही मॉडेल्स बंद केल्यावर शटरचा पडदा ओढून घेतात. छान सोय आहे, पण तो पडदा अतिशय नाजूक. बोट लावायचं नाही!

आणि विसर्जनाची मिरवणूक? तिथे लेन्स बदलायचीच नाही. गुलालाइतकी बारीक पूड शोधून सापडणार नाही. घरूनच एक झूम लावून निघा. चौपाटीवरच्या वाळूलाही हाच नियम.

धूळ गेलीय का, हे बघणं सोपं आहे. एफ/१६ ठेवा, फोकस मुद्दाम बिघडवा आणि निरभ्र आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. दर फोटोत त्याच जागी काळपट डाग दिसला, तर तो सेन्सरवरचा. मेन्यूतलं सेन्सर क्लीनिंग एकदा चालवा. नाहीच गेला, तर मॅन्युअल क्लीनिंगचा पर्याय निवडून, कॅमेरा खाली तोंड करून रबरी ब्लोअरची हवा मारा, ब्लोअरचं टोक आत न घालता. तरीही चिकटून बसला तर गुपचूप सर्व्हिस सेंटर गाठा. तोंडानं फुंकर मात्र अजिबात नको हं, थुंकीचे शिंतोडे धुळीपेक्षा चिवट असतात!