प्लेटलेट नऊ लाख? थांबा जरा!

डेंग्यूच्या दिवसांत आमच्या लॅबच्या काउंटरवर सगळ्यांचा एकच प्रश्न असतो: प्लेटलेट किती? कमी आल्या की पपईच्या पानांचा रस, किवी, रक्तपेढीत कुणी ओळखीचं आहे का, अशी धावाधाव सुरू होते. अशातच एका गृहस्थांच्या प्लेटलेट नऊ लाख आल्या. नॉर्मल म्हणजे दीड ते साडेचार लाख. सोबतचा मेहुणा खूश. "दाजींना काय धाड भरलीये!" म्हणत त्याने रिपोर्ट खिशात घातलाही. त्यांना मी आत बोलावून बसवलं.

तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅब चालवणाऱ्या बाईचं म्हणणं एवढंच आहे, की रक्तात काही कमी निघालं तर आपण जेवढे हादरतो, त्याच्या निम्मे तरी जास्त निघाल्यावर हादरावं. ॲनिमिया हा आपल्याकडचा मोठाच आजार, त्याच्याविरुद्धची मोहीम हवीच. पण तिच्यामुळे हिमोग्लोबिन १९ आलेल्या माणसाचं कौतुक होऊ लागलं, तर पंचाईत आहे.

रक्तपेशी हाडांतल्या मगजात तयार होतात. तिथल्या एखाद्या मूळ पेशीत बिघाड झाला, की नळ वाहतच राहतो. अशा आजारांना १९५१ मध्ये विल्यम डॅमशेक यांनी एका कुळात बसवलं. त्यांतल्या बऱ्याच रुग्णांत जॅक-२ या जनुकात एकच ठरावीक बदल असतो, हे २००५ मध्ये कळलं. तांबड्या पेशी वाढल्या की पॉलिसायथेमिया व्हेरा. चेहरा लालबुंद, म्हणून लोक म्हणतात तब्येत सुधारली. गरम पाण्याने आंघोळ केली की अंगभर खाज, म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडे फेऱ्या. तोवर दाट झालेल्या रक्ताची गुठळी मेंदूत किंवा हृदयात अडकू शकते. उपचार मात्र जुनाच: पिशवीभर रक्त काढायचं आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवायचं, जोडीला ॲस्पिरिनचा छोटा डोस.

आकडा चढला म्हणजे मगजच बिघडला, असं नव्हे. प्लेटलेट वाढण्यामागे बऱ्याचदा लोहाची कमतरता किंवा नुकताच झालेला संसर्ग असतो. बिडी-सिगारेटनेही हिमोग्लोबिन चढतं. म्हणून आधी तपासणी पुन्हा करायची. आकडा तरीही उतरला नाही, तर रक्तविकारतज्ज्ञ गाठायचा.

पांढऱ्या पेशींचं प्रकरण मला जास्त छळतं. काउंट वाढला की इन्फेक्शन, आणि इन्फेक्शन म्हटलं की अँटिबायोटिक. डाव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं, असं सांगणाऱ्याला ॲसिडिटीचं औषध मिळतं. फुगलेली पाणथरी कुणी चाचपत नाही. अशाच एकाच्या जांभळ्या टोपीच्या नळीतला रक्ताचा थेंब काचेच्या स्लाइडवर ओढला, लिशमन स्टेन घातला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. मगजातच थांबायला हव्यात त्या कच्च्या पेशी रक्तात दाटीवाटीने उभ्या, मध्ये गडद निळ्या दाण्यांचे बेसोफिल. साध्या तापात असं दिसत नाही. हा क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, रक्ताचा एक कर्करोग.

आणि त्यावर गोळी आहे! इमॅटिनिबला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. २०१३ च्या सुमारास मूळ कंपनी नोवार्टिसच्या गोळीचा महिन्याचा खर्च लाखाच्या वर होता, देशी कंपन्यांच्या गोळीचा दहा हजारांच्या आसपास. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोवार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला आणि देशी गोळीची वाट मोकळी राहिली. इतकी लढाई होऊन स्वस्त झालेलं औषध, आणि रुग्ण तिथवर पोहोचत नाही, कारण त्याची स्लाइड कुणी पाहिलेलीच नसते.

हा राग आमच्याच धंद्यावर आहे. सत्तर तपासण्यांचं पॅकेज, मशीन आकडे छापतं, शेजारी इशाऱ्याची खूणही उमटवतं, आणि रिपोर्ट तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर. स्लाइड पाहायला पाच-दहा मिनिटं लागतात, तेवढी कुणाकडे नाहीत. ठरावीक मर्यादेपलीकडच्या प्रत्येक काउंटची स्लाइड पॅथॉलॉजिस्टने स्वतः पाहून शेरा लिहावा, असा सक्तीचा नियम हवा. तो होईपर्यंत काउंटरवर तुम्हीच विचारा: "मॅडम, स्लाइड बघितली का?" आम्हाला राग आला तरी चालेल.