आधी वायरमन, मग सुतार

मांडव्यापासून दिवेआगरपर्यंत गावच्या घरांत हल्ली एक खोली ‘ऑफिसची’ निघू लागली आहे. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली, पाठोपाठ टाळेबंदी आली आणि जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. वाडीत बसून मुंबईची नोकरी करणारा माणूस आता कोणाला नवलाचा वाटत नाही. नवल वाटते ते त्याच्या खर्चाच्या क्रमाचे. आधी खुर्ची येते, मग टेबल, मग कॅमेऱ्यात मागे दिसेल असे काहीतरी शोभेचे. जुलै लागला की खरी कामे आठवतात.

कामाची जागा कशी बांधावी हे पाहायला लांब जायला नको. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकीय मोजमापांना त्या विजेचा उपद्रव होणार हे उघड होते. तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी ही मोजमापे अलिबागला हलवली. १९०४ पासून इथे नोंदी सुरू आहेत. उपकरणांच्या इमारतीला लोखंड वर्ज्य, दगड पोरबंदरचा, आतले तापमान शक्यतो एकसारखे राहील अशी रचना. कामाला काय नडेल ते आधी हेरले, भिंती त्यानंतर उभ्या राहिल्या. आपल्याला लोखंडाचे इतके सोवळे पाळायचे नाही, पण किनाऱ्यावर काय नडते याची यादी तरी हातात हवी.

सगळ्यात वर छप्पर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या कितीतरी घरांची कौले उडवली. पाऊस डोक्यावर होता, मिळतील ते पत्रे लोकांनी घातले. त्यांना कोण दोष देणार? पण त्याच पत्र्याखाली आता ऑफिस थाटायचे असेल तर मे महिन्यात भट्टी आणि जुलैत ताशा. मोठी सर आली की समोरच्याला तुमचे बोलणे ऐकू जात नाही, हे साहेबाला किती वेळा समजावणार? पत्र्यावर कौले चढवून घ्या, उन्हाचा आणि आवाजाचा त्रास बराच कमी होतो. ते जमत नसेल तर पत्र्याखाली हवा खेळती राहील एवढे अंतर सोडून लाकडी माळा करा. खोलीचे सारे पैसे छपरात गेले तरी माझी हरकत नाही.

मग ओल. जांभ्याच्या भिंतीत पावसाळ्यात ओल येते आणि नंतर ती सुकते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि चकचकीत प्लास्टिक पेंट चढवला की ओल आत कोंडते, लोणा लागतो, पोपडे निघतात. चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी या भिंतीला मानवते. चौलला एका घरी मी ऑगस्टमध्ये गेलो होतो. मुंबईहून आणलेले पांढरे टेबल पडवीत भिंतीला चिकटवून ठेवले होते. पाय तळाशी फुगून त्यांच्या कडा उकलल्या होत्या, खण ओढला तर निम्म्यात अडकला, बिजागऱ्यांचा गंज बोटाला लागला. भुसा दाबून केलेल्या त्या फळीकडून आणखी काय होणार? प्लायवूडच घ्यायचे तर ‘आयएस ७१०’चा शिक्का पाहून घ्या, तो मरीन प्लायचा. बिजागऱ्या आणि पट्ट्या स्टेनलेस स्टीलच्या. त्याआधी माळ्यावर चढून बघा. तिथे जुन्या सागवानी दाराची एखादी फळी पडलेली असतेच. जमिनीपासून ७२ ते ७५ सेंटिमीटरवर बसवली की बहुतेकांना ती टेबल म्हणून पुरते. ठेंगण्या माणसाने पायाखाली पाट घ्यावा. भिंतीपासून चार बोटे अंतर राखायला विसरू नका.

समुद्राकडे तोंड करून टेबल मांडण्याची हौस माझ्या डोक्यात जाते. आपला समुद्र पश्चिमेला आहे. पावसाळा सरला की तीन वाजल्यापासून ऊन डोळ्यांवर येते आणि खारा वारा थेट लॅपटॉपच्या तोंडात जातो. खिडकी बाजूला असावी. नारळी-पोफळीच्या सावलीतून येणारा उजेड कामाला उत्तम, आणि तो बहुधा वाडीकडच्या पडवीतच मिळतो. समुद्र संध्याकाळी चालत जाऊन पाहावा.

आता वीज. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट दिसते, पण मागे अर्थिंगची तार असतेच असे नाही. ते तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा आणि परतीच्या पावसात गडगडू लागले की सगळे प्लग काढून ठेवा. इन्व्हर्टरचा हिशेब सोपा आहे. लॅपटॉप, राउटर, एक दिवा आणि कमी विजेवर चालणारा पंखा मिळून सुमारे १२० वॉट धरा. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर एवढ्यावर आठ तास निघायला हरकत नाही. सौर पॅनेलचे मात्र नीट समजून घ्या. फेब्रुवारी २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळते म्हणून अनेकांनी छपरावर पॅनेल चढवली. बॅटरी नसलेली, महावितरणच्या जाळ्याला जोडलेली यंत्रणा पुरवठा गेला की स्वतःही बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला धक्का बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. वीज गेल्यावरही काम चालू ठेवायचे असेल तर बॅटरीचा खर्च टळत नाही.

खुर्चीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. पाय जमिनीला टेकावेत, कोपर टेबलाच्या पातळीला यावे, पाठीला टेका मिळावा. लॅपटॉप चार पुस्तकांवर उंच करून कीबोर्ड वेगळा घेतला की मान वाचते.

हे सगळे काढायचे ते दिवाळीनंतर काढा. भिंती सुकलेल्या असतात, गवंडी आणि वायरमन सापडतात. मे महिन्यात शाकारणीच्या धांदलीत तुमचा फोन कोणी उचलणार नाही.