खाणीच्या खालच्या अंगाला

धनत्रयोदशीला गुंजभर तरी सोने घ्यावे, हा आपला रिवाज. भाव ऐकून नुसतीच पेढीवरून चक्कर मारणारेही पुष्कळ असतात, तो भाग वेगळा. यंदाचा अंक पाण्याविषयी आहे आणि तरी सुरुवात सोन्यापासून करतो आहोत, कारण खाण आणि पाणी यांचा तंटा कोर्टात कसा लढला जातो, हे कॅलिफोर्नियातल्या सोन्याने जितके लख्ख दाखवले तितके क्वचितच कुणी दाखवले असेल.

१८४८ मध्ये तिथे सोने सापडले आणि माणसांचे लोंढे लोटले. माती धुतल्याशिवाय सोने हाती लागत नाही आणि ओढा काही खाणीच्या सोयीने वाहत नाही. मग पाट खणायचे, लाकडी पन्हळी टाकायच्या, मैलोन्मैल पाणी वळवायचे. आयर्विन नावाच्या इसमाने असेच पाणी वळवले होते. मागाहून त्याच ओढ्यावर खाण घेतलेला फिलिप्स म्हणाला, ओढा माझ्या दारातला, पाणी माझे. इंग्लंडकडून आलेला जुना कायदा त्याच्या बाजूचा होता. पण १८५५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने खाणवाल्यांची वहिवाट उचलून धरली: आधी ज्याने पाणी घेतले, हक्क त्याचा. पश्चिम अमेरिकेतल्या पाणीहक्कांची पायाभरणी ती हीच. आता ‘आधी’ची मोजणी खाणवाल्यांपासूनच का सुरू व्हावी? त्या खोऱ्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या निसेनान लोकांना कुणी पक्षकारसुद्धा केले नाही.

पुढे जाड नळ्यांतून पाण्याचा असा मारा सुरू झाला की उभ्या टेकड्या विरघळून खाली येऊ लागल्या. सोने पन्हळीत अडके, दगडमाती यूबा नदीत जाई. गाळाने पात्र इतके चढले की मेरिसव्हिल गावाच्या रस्त्यांहून नदी उंचावर. लोक बांध घालत, पुन्हा चढवत. १८७५ च्या पुरात गाव बुडालेच. शेते आणि फळबागा गाळाखाली गेल्या.

मेरिसव्हिलमध्ये मालमत्ता असलेल्या वुडरफ यांनी १८८२ मध्ये नॉर्थ ब्लूमफील्ड या खाण कंपनीवर दावा लावला. कंपनीची बाजू अगदीच लंगडी नव्हती: ही वहिवाट जुनी, १८६६ च्या केंद्रीय कायद्याने मानलेली, तिच्या भरवशावर भांडवल गुंतलेले. न्यायमूर्ती लोरेन्झो सॉयर स्वतः १८५० मध्ये सोन्याच्या लाटेतच आलेले. त्यांनी ७ जानेवारी १८८४ रोजी कायमचा मनाई हुकूम दिला. दुसऱ्याचे शेत गाडण्याची परवानगी कोणत्याच वहिवाटीतून मिळत नाही, असा त्याचा मथितार्थ. पाणी घेणाऱ्याचा हक्क ठरला सोने सापडल्यावर सात वर्षांत. खालच्या अंगाच्या शेतकऱ्याला त्यानंतर आणखी एकोणतीस वर्षे थांबावे लागले. सोने वेगळे करायला वापरलेला पारा तिथल्या गाळात अजून आहे.

आपल्या शेजारी, गोव्यात, गाडे उलटे आहे. डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या लोहखनिजाच्या खाणींना पाणी उपसून टाकावे लागते. खाण भूजलाच्या खाली उतरली की भोवतालच्या विहिरी तळ गाठतात आणि पावसाळ्यात लाल गाळ शेतात उतरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये तिथल्या लीजची मुदत संपल्याचे ठरवले आणि २०१८ मध्ये खाणी रोखल्या, ते योग्यच झाले. पण ते निकाल मुख्यतः लीजची मुदत आणि नूतनीकरण यांवर उभे आहेत. विहीर कुणाची आटली, हा प्रश्न कडेलाच राहिला. लीजचा कागद सरकारी दप्तरात असतो. विहिरीच्या पातळीचा कागद बहुधा कुणाकडेच नसतो.

आता नव्याने लिलाव झाले आहेत. म्हणून खाणपट्ट्यातल्या वाचकांना एक विनंती. दर मे महिन्यात आपल्या विहिरीची पातळी मोजा, तारीख घालून वहीत लिहा, शेजाऱ्याची सही घ्या. पर्यावरण परवान्याच्या जनसुनावणीत लेखी हरकत घेता येते. त्या हरकतीला ही पाने जोडा, आणि हे काम खाण सुरू होण्याआधी करा.